आखाजीच्या आत भिंत

१४ जानेवारी १९९७, संक्रांत
आजपासून वही. सरपंचाकडे वही पाहिजे. चौथी शिकलेली आहे, कोणाला दाखवायची नाही, मग चुका काढणार कोण?
खुर्ची बायांसाठी राखीव निघाली, तेव्हा तोतारामभाऊंनी माझंच नाव घातलं. ते उपसरपंच. माझे मानलेले भाऊ, दर भाऊबीजेला ओवाळते. लोक म्हणतात कारभार तेच करतात. जळतात लोक.
हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांगितलं, आखाजीच्या आत, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी यायच्या आत, बायांच्या जागेला भिंत. नाल्याकाठी बाभळीच्या आडोशाला किती दिवस बसायचं? बायामाणसाची अब्रू झाकता येत नसेल, तर सरकारनं झेंडा तरी कशाला वर करायचा?

१५ जानेवारी
सुनंदाला पत्र टाकलं. लेक दीपनगरला, जावई थर्मलच्या वीजकेंद्रात. क्वार्टरला दाराचा संडास. दोन आखाज्या माहेरी आली नाही, उघड्यावर बसवत नाही म्हणते. मोठी मडम! पण लिहिलं, ये, भिंत होते आहे. सरपंचाचा शब्द.

२६ जानेवारी
झेंडा भाऊंनी वर केला. म्हणाले, अक्का, दोरीनं हात कापेल तुझा. काळजी करतात.

१० फेब्रुवारी
मासिक सभा. मी चहाचं बघत होते तेवढ्यात उरकली. भिंतीचं विचारलं. भाऊ म्हणाले, तुझाच विषय पहिला. ग्रामसेवक पितांबर म्हणाला, ठराव मागून फेअर लिहितो, सह्या करून ठेवा. कोऱ्या पानांवर सहा सह्या केल्या. एक वेलांटी चुकली नाही.
शेजारची शेवंताबाई धुळ्याकडची. तोंडाची फटकळ. म्हणे, तू सरपंच शेस का शिक्का शेस? तिला काय कळतं! तरी उद्यापासून ऑफिसात बसणार. वाचल्याशिवाय सही नाही.

११ फेब्रुवारी
आज पापड होते.

३ मार्च
डोझर आला! दुपारपर्यंत बाभळी साफ. गावभर सांगत फिरले, भिंतीचं काम लागलं. भागाबाई ओरडली, बठ्ठं साफ केलं माय, आता बसायचं कुठी? म्हटलं, रस्त्याच्या पल्याड जा थोडे दिवस. बाळंतपणं सोसली ना? मग हे सोसा.

२५ मार्च
विटा पडल्या. लोखंडी खांब, पत्रेसुद्धा. शेवंताबाई म्हणे, भीतले पत्रा कसाले वं? म्हटलं, भिंतीला पत्रा कशाला म्हणजे? पावसाळ्यात भिजायची हौस आहे का तुला? भाऊ मागितल्यापेक्षा जास्त देतात, हे या बायांना बघवत नाही.
रस्त्यावर ट्रक आला की उठून उभं राहावं लागतं. मलाही. पण मी तक्रार करत नाही.

१८ एप्रिल
आत ट्रकच्या उंचीचा ओटा बांधला. बायांना एवढा उंच ओटा कशाला, कळलं नाही. भाऊंना विचारायचं होतं, पण लग्नसराई.

२२ एप्रिल
शेवटी ऑफिसात गेले. पितांबरला म्हटलं, वाच ठराव. घाम पुसत वाचला. नाल्याकाठची गावठाणची जागा तोतारामभाऊंच्या केळीविक्रीच्या ग्रुपला, ट्रकमध्ये केळी भरायच्या शेडसाठी. ठराव मांडणाऱ्या, सरपंच कुंदाबाई. म्हटलं, मी? म्हणे, अक्का, सही तुमचीच आहे. आणि भिंत? ती मागच्या पानावर. पुढे विचार करण्यात येईल.
तशीच भाऊंकडे गेले. अंगणात मजूर होते, तरी मोठ्यानं बोलले. भाऊ हसले. म्हणे, बहिणीनं भावाला चार हात जागा दिली, एवढं काय त्यात? भिंत पुढच्या वर्षी. अंगावरची साडी त्यांनीच भाऊबीजेला दिलेली. चहा घेतला नाही. अर्धाच घेतला.
ठरवलं. शेडच्या उद्घाटनाला आमदार येणार. माइकवर सगळं सांगणार. ठरावसुद्धा मागे घेणार.

८ मे
भाषण पाठ केलं. घरचे म्हणाले, जमेल का? म्हटलं, बघाच.

९ मे, आखाजी
सुनंदा सकाळच्या एसटीनं आली, नातीला घेऊन. आल्या आल्या विचारलं, माय, भिंत कुठे? म्हटलं, आज दुपारी कळेल सगळ्यांना.
मांडवात बाया मागे उभ्या होत्या. शेवंताबाई, भागाबाई, सगळ्या. भाऊंनी माझ्या हातात माइक दिला. म्हणे, बोल अक्का, आमदारसाहेबांना घाई आहे. मी म्हटलं, सर्वांचे आभार. मग फीत कापली. कात्री चांगली होती.
बाया टाळ्या न वाजवता निघून गेल्या.
तीन वाजता नातीला लागली. रस्त्याच्या कडेला नेली. सुनंदा एका बाजूनं पदर धरून उभी, दुसऱ्या बाजूनं मी. एक ट्रक हळू झाला, शेड कुठे म्हणून विचारायला. मला सांगावं लागलं.
सुनंदा आखाजीच्या झोक्यावर बसलीच नाही. पाचच्या एसटीनं गेली. रागावली नाही, हेच वाईट.

१० मे, पहाट
बाया निघाल्या. रोज माझ्या दारात थांबतात, कुंदे चल, म्हणतात. मी टमरेल भरून उंबऱ्यावर बसले होते. पावलं आली, गेली.
उजाडायच्या आत मग एकटीच जाऊन आले.