ओसरीवर ऐकलेलं वाक्य

लातूर

ती. अण्णांच्या पायांवर ऋतुजाचं डोकं,

मी बरी आहे. मेसचं जेवण आता पचतंय. आईचे गुडघे कसे आहेत? केळी निसवली का, घड बाहेर पडले का?

एक गोष्ट मनात आहे. परवा मेसमध्ये निवडणुकीचं बोलणं निघालं. मी म्हणाले, "फुकटच्या रेशननं लोक आळशी झालेत, कामाला बाया मिळंनात." माझ्या खोलीत राजकन्या नावाची मुलगी आहे, हिमायतनगरची. ती जेवायची थांबली.

"त्याच तांदळावर मी बारावी केली," ती म्हणाली. "माय रोज दुसऱ्याच्या रानात जाती. आजारी पडली तवा घरात तेवढंच होतं."

आळशीपणाचं ते वाक्य माझं नव्हतंच, अण्णा. तुम्ही ओसरीवर बोलायचात आणि मी ऐकत मोठी झाले. आपल्या रानात येणाऱ्या बाया घरी काय शिजवतात, हे मी कधी विचारलंच नाही. तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मी बी मालक लोकांबद्दल मायचंच ऐकलेलं बोलत आले." मग दोघी हसलो.

रागावू नका. बाया वेळेवर आल्या नाहीत की केळीचे घड झाडावरच पिकून वाया जातात, हे मी तिलाही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

दिवाळीत तिला घेऊन अर्धापूरला येते. तुमच्याशी लई बोलायचं म्हणते.

फक्त आल्या आल्या तिला आडनाव विचारू नका.

तुमचीच,
ऋतुजा