सुपातल्या गोळ्या

सणसर, ता. इंदापूर
९ फेब्रुवारी २०२५, सकाळ

प्रिय सोनमवहिनी,

सप्रेम नमस्कार. नरसिंहपुरात, माहेरच्या माणसांत तब्येत सुधारली असेल. इकडे ऊस तोडायला टोळी आलीय. आई ठीक. म्हणजे सकाळपासून देवापुढून उठली नाही, पण ठीक.

आपल्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. मी भाजक्या मातीच्या गोळ्यांचा फिल्टर बसवला तेव्हा तू हसली होतीस, "वन्सं, चिखलानं पानी धुताय व्हय?" पण जमलं गं! वरच्या शिवारात जुन्या बॅटऱ्या वितळवायचे, तेव्हापासून पाण्यात शिसं मुरलं होतं. फिल्टरच्या पाण्यात ते उतरत नाही.

पण ते नाहीसं होत नाही. माती ते धरून ठेवते. म्हणून वापरलेल्या गोळ्या सिमेंटमध्ये गाडायच्या होत्या. तोवर ओसरीवर सुपात वाळत घातल्या होत्या. आज गाडायला घेतल्या तर सूप निम्मं रिकामं. आईला विचारलं.

"सोनमला माती खायचं डोहाळं लागल्यात न्हवं? मीच दिली पुडी बांधून. पानी निर्मळ करती, ती माती वंगाळ कशी आसंल?"

लगेच तुला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "वन्सं, पुडी संपत आली. ह्यांच्यासंगं आनखी धाडा की." आणि पलीकडून कुडुम असा आवाज आला. मी सांगणार तोच फोन तुटला. लगेच मेसेज टाकला, त्या गोळ्या खाऊ नकोस, कारण कळवते. तू हसरा चेहरा पाठवलास, आणि तेव्हापासून तुझा फोन लागतच नाही.

तो आवाज काही जात नाही. दादा बाहेर गाडी काढतोय, खडीवर चाक फिरलं तरी तोच ऐकू येतो. मला भीती वाटते गं.

हे पत्र दादाच्याच हाती देतेय. त्याच्याबरोबर तशीच निघ, बारामतीला रक्त तपासायचंय. वेळेत कळलं तर उपाय आहेत, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. बाळाचं विचारलं, तेव्हा 'आधी रक्त तपासू' एवढंच म्हणाले. तुझ्यापासून हे लपवणार नाही.

आईवर रागावू नकोस, असं कुठल्या तोंडाने म्हणू? रागाव. माझ्यावरही रागाव, सूप उघडं मीच ठेवलं. पण ते सगळं नंतर. आत्ता, हे वाचताना तोंडात काही असेल, तर आधी थुंकून टाक.

आत्या म्हणवून घ्यायचा धीर न होणारी,
अनिता