दुनळीची निवड

सेंदाई, नोव्हेंबर, शनिवार संध्याकाळ

काउबॉय नेमबाजीसाठी, म्हणजे काउबॉयच्या वेशात जुन्या बंदुकांनी खेळायच्या स्पर्धांसाठी, बंदूक आज नक्की केली. जुनी दुनळी, दोन्ही घोडे बाहेर, गोळी झाडण्याआधी अंगठ्याने मागे ओढायचे. डावा जरा जड आहे. दुकानदार ओनो-सान म्हणाले, "सवय होईल." होईल?

इथे आधी बंदूक निवडायची, मग तिच्यासाठीच परवाना मागायचा. पोलीस बायकोलाही विचारतात. हे मीनलला जेवताना सांगितलं.

"हॅट घालून ठो ठो करणार? या वयात?" ती हसली. मग हसू गेलं. "नवरा कसा आहे विचारलं, तर काय सांगू?"

"खरं ते सांग."

"भूकंपापासून बूट घालून झोपतोस, तेही? दिवसदिवस बोलत नाहीस, तेही?"

माझ्या डोक्यात अजून तो डावा घोडा. बदलून घ्यावा का?

"अरे, मी खरंच सांगणार आहे," ती म्हणाली. "परवाना नाही मिळाला तर माझ्यावर चिड. चालेल मला. घरात बंदूक नको."

चिडायला हवं होतं. तीन महिने दुकानं पालथी घातली होती. पण सुटल्यासारखं वाटलं, आणि तेवढं तिला सांगता आलं नाही.