टाकी माळावर हवी

वाघोली,
रविवार

प्रिय उल्का,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून लिहितो आहे. पत्राला तरी मीटिंग आडवी येणार नाही.

तुमच्या नगररचना ऑफिसने गावाचा नवा आराखडा चावडीत लावला आहे. गाव किती फुगलंय ते तुला काय सांगायचं! जिथं ज्वारी होती, तिथं सातव्या मजल्यावरून लोक दात घासत आपल्या अंगणात बघतात. खाली त्यांच्याच बायका टँकरमागे हंडे घेऊन पळतात. त्यांच्यासाठी पाण्याची टाकी होणार हे वाचून बरं वाटलं. मग जागा पाहिली आणि डोकंच फिरलं. टाकी ओढ्याकाठी, सखलात! शेंबडं पोरही सांगेल, टाकी उंचावर बांधतात.

पहिला संशय आला तुझ्या हिंदुरावकाकाचा. ती जमीन त्याची, आणि तो परवा मला कारण नसताना रामराम घालून गेला. हिंदुराव फुकट रामराम घालत नाही. म्हटलं, हा आपला चिखल सरकारच्या गळ्यात मारतोय. जाब विचारायला गेलो, तर तोच माझ्यावर डाफरला. म्हणे टाकी आधी तुमच्याच माळावर होती, तुझ्या लेकीने ती माझ्या रानात ढकलली. मी त्याला खोटारडा म्हणून परत आलो. वाटेत आठवलं, गेल्या वर्षी मोजणीवाले आपल्या माळावर चुन्याच्या खुणा करून गेले होते.

तेव्हापासून मला तुझाच संशय आहे. तू पैसे खाणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. पण दिवाळीत तू माळावर आईच्या समाधीपाशी बसून होतीस, आणि मी त्या चुन्याच्या खुणांचा विषय काढताच चहा गार होतोय म्हणून घराकडे पळालीस. टाकी तू आईसाठी हलवलीस, होय ना?

पोरी, मला भरून आलं. रागही आला. शकूने, तुझ्या आईने, विहिरीचं पाणी डोक्यावरून त्याच माळावर वाहिलं, मानेचं दुखणं तिला शेवटपर्यंत सोडून गेलं नाही. तिच्या नावाने दुसऱ्या बायकांचं पाणी अडवायचं? समाधी बांधाला हलवता येते, गुरवाला विचारून घेतलंय.

टाकी पुन्हा आपल्या माळावर घ्या, अशी हरकत मी काल दिली. गुरुवारी सुनावणी आहे. तू खुर्चीत असशील, मी समोर उभा असेन, आणि टाकी कुणी व का हलवली ते सर्वांदेखत विचारीन. तुझ्या नोकरीवर येईल, हे कळतंय मला. झोप लागत नाही. म्हणून त्याआधी तूच तुझ्या साहेबांना खरं सांगून टाक. सांगशील असं वाटतं. पण खात्री नाही, म्हणून मी तयारीने येतोय.

तुझाच,
आप्पा