रोहिणखेडचा ब वाण

२ जुलै २०२३
"रोहिणखेडच्या कास्तकारांनो, तुमच्या वावरात काय पेरायचं हे आजवर तुमचं वावर न पाहिलेल्या माणसांनी ठरवलं." आजच्या भाषणाची सुरुवात मी इथूनच केली. वीस घरची माणसं. प्रत्येकाला नोंदीचा तक्ता आणि कृषी कार्यालयाकडून आलेल्या सोयाबीनच्या तीन पुड्या — अ, ब, क. खरी नावं मलाही माहीत नाहीत. पावसानं दडी मारली की कोणता वाण तग धरतो, ते यंदा हे लोक सांगणार. ते निवडतील तो पुढच्या वर्षी तालुक्यात वाटला जाईल.
शेवटी मी म्हणाले, "ही रोपं लेकरासारखी जपा." बायांचे डोळे भरले. अजून बोलता येतं मला.

१४ ऑगस्ट
थेंब नाही.

२७ ऑगस्ट
फेरी मारली. आजूबाजूच्या सोयाबीननं माना टाकल्यात, आपल्या वाणांच्या ओळी हिरव्यागार. त्यातही ब. वीस जणांतल्या भाऊरावांना विचारलं, हे कसं?
"तुमचं भाषण लागलं त्याले, ताई." सगळे हसले. मीही.
करपलं ते एकट्या धम्मशीलाबाईचं. अ आणि ब गेलेच. क खुरटा, पण शेंगा धरून. चारचौघांत बोलले तिला — इतकं सांगून लक्ष दिलं नाही.
"दोन डवरे हाणले, निंदण केलं. अजून काय करू, ताई?"
तिच्या तक्त्यावर लिहिलं: निगा नाही. बाद.

१० ऑक्टोबर
एकोणीस तक्ते कार्यालयाला पाठवले. एकोणिसांचाही कौल ब.

१४ ऑक्टोबर
अन्नपूर्णाबाईकडे चहाला बसले होते. सहज म्हणाली, "घरात प्याले पाणी नव्हतं, तरी तुमच्या झाडायले रोज दोन हंडे टाकले म्या."
कोणी कोणी टाकलं?
"सगळ्यायनंच. भाऊरावनं तं स्प्रिंकलर वळवलं. लेकरासारखं जपा म्हणे तुम्ही. लेकराले काय तहानलं ठेवता?"
पाणी घालू नका — हे सांगायचंच राहिलं. दीड तास बोलले. बियाण्यावरचं इतकं वाचलं, आणि हे एक वाक्य राहिलं.
धम्मशीलाबाईला विहीर नाही. खरी परीक्षा झाली ती तिच्याच वावरात.

१५ ऑक्टोबर
तिच्याकडे गेले. क चं बी मागितलं.
"बाद म्हणलं ना तुम्ही? बकऱ्यायले टाकलं सारं."
बसायला खाट टाकली तिनं. बसवेना.

२ नोव्हेंबर
कार्यालयाला तिसरं पत्र. तक्ते खोटे आहेत, चूक माझी, रद्द करा. उत्तर नाही.

३ जून २०२४
चौदा गावांत ब च्या पिशव्या उतरल्या. धामणगाव बढेच्या बाजारात उभी राहिले. एकानं विचारलं, "मंग पेरू काय, ताई?" या वेळी भाषण नाही. प्रत्येकाला एवढंच सांगत फिरले: पिशवी फोडू नका, परत करा.