रकाना: मुलाशी नाते

प्रिय सरकार,

दचकू नकोस, तुलाच लिहितोय. घरात तुझाच हुकूम चालायचा म्हणून पडलेलं ते नाव अजून माझ्या तोंडातून गेलेलं नाही. हल्ली मला खऱ्या सरकारशीही भांडावं लागतंय, आणि खरं सांगू, तुझ्याशी भांडण परवडलं. जेवायची सुट्टी झाली म्हणून तू तोंडावर खिडकी तरी आपटत नव्हतीस.

तुझी लेक बरी आहे. दिवसभर गुणगुणते म्हणून मी तिला भुंगा म्हणतो. सात पूर्ण झाली. समोरचे दोन दात पडलेत, त्यामुळे आता गुणगुणण्यातून शिट्टी निघते. तू घर सोडून गेलीस तेव्हा पाच वर्षांची होती. महिनाभर तिनं काही विचारलं नाही, मग एकदा वेणी घालताना म्हणाली, तूपण जाणार का? मी बस डेपोत सीटची कव्हरं शिवणारा माणूस, रेक्झिन सोडून माझ्या हाताला दुसरं काही माहीत नाही. वेण्या इतक्या घट्ट घालायचो की पोरीच्या भुवया वर चढायच्या. त्या दिवशी सैल घातली आणि सांगितलं, कुठ्ठे जाणार नाही.

तिची शाळा तीनला सुटते, माझी पाळी सातला. शेजारच्या आजी होत्या तोवर निभावलं. त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि मी अर्धी पाळी मागून घेतली. पगारही अर्धा झाला. मूल वाढवणाऱ्यांना सरकार दरमहा भत्ता देतं. तो मिळाला तर अर्ध्या पाळीत आमचं दोघांचं भागेल. नाही मिळाला तर पुढच्या महिन्यापासून मी पूर्ण पाळीवर आणि पोरगी चार तास कुलपात. म्हणून त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतोय.

फॉर्मात एक रकाना आहे, ‘मुलाशी नाते’. आई, बाप, आजी-आजोबा, काका, मामा, सगळ्यांची सोय आहे. माझी नाही. ती दोन वर्षांची असताना मी तुमच्या घरात आलो, आणि तुझं-माझं लग्न काही झालं नाही. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मग तुम्ही तिचे नक्की कोण? माझं डोकं फिरलं. रकान्यात लिहिलं, ‘शेंबूड पुसणारा’. बाईंनी फॉर्म परत ढकलला, पण हसू काही त्यांना आवरलं नाही. मी सांगितलं, बाई, ही भीक नाही. मूल वाढवणं हे काम आहे आणि ते मी रोज करतोय. त्या नात्याला नाव काय द्यायचं ते तुम्ही शोधा.

त्यांनी शोधलंसुद्धा. ‘प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती’. मात्र त्याला आईची लेखी संमती लागते. ती नसेल तर आई बेपत्ता आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. डेपोत सगळ्यांचं एकच म्हणणं, दे की लिहून, दोन मिनिटांचं काम. मुकादम तर साक्षीदाराची सही ठोकायला पेन उघडून बसला होता. मी टोपण लावून ते पेन त्याच्या खिशात परत खोचलं.

कारण तू बेपत्ता नाहीस. तुझा पत्ता दीड वर्षापासून माझ्याकडे आहे, तुझ्या मावशीनं दिला. तू आपण होऊन लिहिशील म्हणून थांबलो. राग होता, तेही खरं. पण भत्त्यासाठी मी खोटं लिहिणार नाही. उद्या भुंगा मोठी होईल, तो कागद तिच्या हाती लागेल आणि आपली आई हरवली होती असं तिला वाटेल. शोधत बसेल बिचारी. तू हरवली नाहीस, तू गेलीस, आणि ते तिला कळायचं असेल तर तुझ्या सहीनं कळू दे. सोबत संमतीचा कागद ठेवलाय, मुदत महिनाअखेरची. सही कर, नाहीतर इथे ये आणि तिच्यासमोर बसून नाही म्हण. दोन्हीला माझी तयारी आहे. पण बेपत्ता व्हायची सवलत मी तुला देणार नाही.

तुझाच (सवय मोडत नाही),
शिंपी