केतकीची नवी नोकरी

सोमवार संध्याकाळ, जयपूर

आज केतकी राजा पार्कला भेटली. माझ्या हाताखाली तयार झालेली सगळ्यांत हुशार मुलगी. विजेच्या तारांना धडकून मेलेले माळढोक कसे शोधायचे, हे मीच तिला वाळवंटात नेऊन शिकवलं. मग तिची शिष्यवृत्ती संपली आणि दुसरी मिळालीच नाही. आता ती तारा टाकणाऱ्या एका कंपनीत आहे. काम काय, तर इथे पक्ष्यांना धोका नाही, असे अहवाल लिहायचे.

"पगार वेळेवर होतो, मॅडम," म्हणाली.

मी चिडले. "तुमच्या तारा जातात तिथे माळढोक उतरतात, तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. मतलब, तुम्हीच तर दाखवले होते." मग हळूच म्हणाली, "तुमच्याकडे जागा आहे का? मी उद्या सोडते."

नाही म्हणावं लागलं. आमच्या संस्थेला शिकवायला पैसे मिळतात, शिकलेल्यांना ठेवून घ्यायला कोण देतं? पगार वेळेवर होतो! एवढंच तर मागत होती ती माझ्याकडे.

निघताना तिनेच माझ्यासाठी ऑटो थांबवली.

उद्यापासून नव्या मुलांचं प्रशिक्षण. त्यांनाही तेच शिकवणार. कोणत्या कंपन्यांसाठी, ते आज कळलं.